जागल्या

खेड्यापाड्यांत वीज आली नव्हती त्या काळात बहुतेक गावांना एक जागल्या असे. गावगाड्याच्या उतरंडीत त्याची जागा अगदी खालची. सुगीच्या दिवसांत खळ्यावरचे जे चार शेर धान्य वाट्याला येई, तीच त्याची कमाई. पण एकदा रात्र पडली की सारे गाव त्याच्या हवाली होई. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि मधूनमधून अंधार चिरीत जाणारी ती लांबलचक आरोळी! माझे आजोबा सांगत, की त्या आरोळीने कुणाची झोपमोड होत नसे. उलट ती कानावर आली की माणसे कूस बदलून अधिकच गाढ झोपत. एखाद्या रात्री आरोळी आली नाही, तरच जाग येई.

विचार केला तर जागल्याचे काम दुहेरी होते. संकट आले की गावाला जागे करायचे, आणि संकट टळले की गावाला पुन्हा झोपू द्यायचे. पहिल्या कामाबद्दल त्याची पाठ थोपटली जाई. दुसरे काम मात्र कुणाच्या ध्यानातही येत नसे. तरी दोहोंत अवघड काम दुसरेच, हे कळायला मला वयाची चाळिशी ओलांडावी लागली.

असा एक जागल्या आपल्या प्रत्येकाच्या शरीरात असतो. शास्त्राच्या पुस्तकात त्याला ‘अनुकंपी चेतासंस्था’ असे भारदस्त नाव दिलेले आहे. हे नाव ज्याने ठेवले त्याच्या मनात काय होते कोण जाणे. कारण त्या संस्थेत अनुकंपा फारशी नाही, कंप मात्र भरपूर आहे! रस्त्यात समोरून बैल उधळत आला, शाळेत अचानक तपासणीची वर्दी आली किंवा मध्यरात्री फोन खणखणला, की हा जागल्या एका क्षणात सगळ्या शरीराला उठवतो. काळीज धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, तळहात घामेजतात, आणि पोटातली पचनाची गिरणी बंद पडते. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साऱ्या उलथापालथीचा अर्थ उलगडून दाखवला. लढायचे किंवा पळायचे, या दोहोंपैकी एकासाठी शरीर कंबर कसते, असे त्याचे म्हणणे. त्याच्या जोडीला ‘परानुकंपी’ नावाची दुसरी संस्था असते. ती गावाला झोपवणारी. संकट गेले की काळजाची गती उतरवायची, श्वास सावकाश करायचा, पचन पुन्हा सुरू करायचे, हे तिचे काम.

बैल निघून जातो, तपासणी आटोपते, तेव्हा हे सगळे आपोआप होते. पण संकट दारातून हललेच नाही तर? हान्स सेल्ये नावाच्या संशोधकाने १९३६ साली कॅनडातून एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडी, जखम, विष, अतिश्रम असा कोणताही जाच दीर्घकाळ झाला, तरी त्यांच्या शरीरात एकाच प्रकारची पडझड होते, असे त्याला आढळले होते. आज जो तो ‘स्ट्रेस’ म्हणून सुस्कारा टाकतो, त्या कल्पनेचा उगम त्या टिपणात आहे.

मला हे सारे उंदरांपासून शिकायचे नव्हते. ते मी घरीच शिकलो.

माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. उजवे अंग गेले, आणि त्याबरोबर वाचाही गेली. उरला तो डावा हात आणि दोन बोलके डोळे. तिच्या डाव्या हाताशी आम्ही एक पितळी वाटी उपडी घालून ठेवली, शेजारी एक चमचा. काही हवे असले की ती चमच्याने वाटी वाजवी. हळूहळू त्याची एक भाषाच तयार झाली. एक टण म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदलायची आहे. तीन म्हणजे बाकीचे सगळे. कधी कधी काहीच नको असताही ती एकदाच हलकेच वाजवी. गेल्यावर फक्त हात धरून बसायचे, एवढेच काम असे.

दिवसाचे सारे माझ्या पत्नीने पाहिले. रात्र माझी. दोन वर्षे आणि चार महिने मी आईच्या दाराबाहेर झोपलो. झोपलो म्हणजे आडवा झालो. घरात कुणी खोकले, मांजराने भांडे पाडले, बाहेरून मालमोटार गेली, तरी मी ढिम्म हलत नसे. पण वाटीवर चमचा टेकायचा अवकाश, की मी उठून बसलेला असे. तिच्या खोलीतला आवाज तेवढा नेमका वेचण्याची विद्या माझ्या कानांना कुणी शिकवली नव्हती. ती आपोआप आली.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे आई गेली. मी जागाच होतो. तिचा हात माझ्या हातात होता. तेरा दिवस झाले, पाहुणे परतले, खाट माळ्यावर गेली. पत्नीने वाटी घासून फडताळात ठेवून दिली. सगळे म्हणाले, “आता जरा झोप काढा. फार केलंत.” मीही मनाशी म्हटले, खरेच, आता झोपायचे.

पण रात्री अडीच वाजता मी उठून बसलो. दुसऱ्या दिवशीही अडीचलाच. आणि तिसऱ्या दिवशीही. घर शांत असे, अगदी निःशब्द. मी त्या निःशब्दतेत कान देऊन बसे. पुढेपुढे हा प्रकार दिवसाही होऊ लागला. कुकरची शिट्टी झाली की मी दचके. वर्गात एखाद्या पोराच्या हातून कंपासपेटी पडली, तर माझ्या हातचा खडू गळून पडे आणि मुले तोंडावर हात घेऊन हसत. कादंबरीचे सातवे प्रकरण अर्ध्या वाक्यावर थांबले होते, ते तिथेच राहिले. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, काळजाचा आलेख काढला, सगळे ठीक निघाले. कागद बाजूला सारून ते म्हणाले, “मास्तर, शरीरात बिघाड काही नाही. पहारा संपला, हे शरीराला अजून कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.”

त्यांनी मला पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी थोड्या दिवसांपुरती गोळी दिली, झोपण्या-उठण्याची वेळ बांधून दिली, आणि म्हणाले, “जोडीला एक सौम्य उपाय करून पाहायचा असेल तर आमच्याकडे न्यूरोफीडबॅकची सोय आहे. अर्धा तास खुर्चीत बसायचं. आठवड्यातून दोनदा, वीस वेळा. वेदना नाही, औषध नाही.”

“म्हणजे करायचं काय?”

“काही नाही करायचं. तेच शिकायचं.”

घरी येऊन मी पत्नीला फीचा आकडा सांगितला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, आई होत्या तोवर फुकट जागलात. आता पैसे मोजून झोपायला शिका!” आणि मग थोड्या वेळाने, त्याच सुरात: “जाच पण तुम्ही. माझीही झोप होईल.”

त्या खोलीची मी उगीचच धास्ती घेतली होती. केशकर्तनालयात असते तशी एक मागे कलणारी खुर्ची, समोर संगणकाचा पडदा, आणि यंत्र म्हणाल तर जेवणाच्या डब्याएवढे. तिथे काम करणाऱ्या मुलीने माझे डोक्यावरचे उरलेसुरले केस बाजूला सारून टाळूवर कसलासा चिकट लेप लावला, त्यावर एक छोटी चकती बसवली, आणि दोन चिमटे कानांच्या पाळ्यांना लावले. माझा चेहरा पाहून ती म्हणाली, “सर, घाबरू नका. यातून तुमच्या डोक्यात काहीच जात नाही. डोक्यातलं फक्त बाहेर दिसतं.”

“तेच तर भीतीचं आहे,” मी म्हणालो.

पडद्यावर रेषा नाचू लागल्या. मेंदूतल्या असंख्य पेशींच्या एकत्रित हालचालीतून उठणारी ही वीज. ती इतकी क्षीण असते, की टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलशी तुलना केली तर तिचा सुमारे पन्नास हजारावा भाग भरावा! सेकंदाला चाराहून कमी लाटा आल्या तर गाढ झोप. आठ ते बारा आल्या तर निवांत जाग. आणि तेराच्या वर गेल्या की काम, विचार, धावपळ, चिंता. ही वाटणी अर्थात ढोबळ आहे. मेंदूत कुठलीच लाट एकटीने नांदत नाही. माझ्या रेषांकडे पाहून ती मुलगी म्हणाली, “सर, तुमच्या वेगवान लाटा खूप आहेत.” एखाद्या पालकाला ‘तुमचा मुलगा फार बडबड करतो’ असे सांगताना मी जो सूर लावतो, तोच तिचा सूर होता.

या रेषांचा जन्मदाता हान्स बर्गर हा जर्मन मानसोपचारतज्ज्ञ. त्याची हकीकत वाचली तेव्हा मला फार जवळची वाटली. तरुणपणी लष्करी सेवेत असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली चिरडता चिरडता वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्याच्या बहिणीला एकाएकी वाटले, की भावावर काहीतरी प्रसंग आला आहे. तिच्या आग्रहावरून वडिलांनी खुशाली विचारणारी तार केली. एका जिवाची धास्ती दुसऱ्या जिवाला इतक्या लांबून कशी कळली, या कोड्याने बर्गरची पाठ आयुष्यभर सोडली नाही. मनाची शक्ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात असली पाहिजे, आणि ती मोजता आली पाहिजे, असे त्याने घेतले. ती शक्ती त्याला सापडली नाही. पण तिचा शोध घेता घेता १९२४ साली येना या गावी त्याने मानवी मेंदूतील विजेचा पहिला आलेख टिपला, आणि पाच वर्षे पडताळा पाहून १९२९ साली प्रसिद्ध केला. आपल्या मुलाच्या डोक्यालाही त्याने तारा लावून पाहिल्या. डोळे मिटून स्वस्थ पडले की सेकंदाला दहाच्या आसपास संथ लाटा येतात, आणि डोळे उघडले किंवा मनात एखादे गणित घातले की त्या विरून जातात, हे त्याच्या लक्षात आले. गणिताने मनाची शांतता जाते हे माझे विद्यार्थी मला अनेक वर्षे सांगत आहेत. त्यांच्या बाजूने एवढा मोठा पुरावा असेल अशी मात्र मला कल्पना नव्हती.

ही शांतता माणसाला ओळखता येईल का, हा पुढचा प्रश्न. तो जो कामिया या मानसशास्त्रज्ञाने शिकागो विद्यापीठात १९५८ च्या सुमाराला विचारला. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडलेल्या एका तरुणाला त्याने सांगितले, की मधूनमधून एक घंटा वाजेल. ती वाजताच तुझा मेंदू ‘अ’ अवस्थेत आहे की ‘ब’, हे सांगायचे. पहिल्या दिवशी निम्मी उत्तरे चुकली, म्हणजे नुसताच छापा-काटा. चौथ्या दिवसापर्यंत तो जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर सांगू लागला. पुढे कामियाला असेही आढळले, की ओळखू आलेली ती अवस्था माणसे हळूहळू आपण होऊन आणूही शकतात. मात्र ती कशी आणता असे विचारले, तर उत्तरे मोघम मिळत.

त्यानंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन या संशोधकाने हाच प्रयोग मांजरांवर केला. उंदराच्या बिळापाशी मांजर बसते ना, अंग निश्चल पण कान टवकारलेले, तशा वेळी त्याच्या मेंदूत सेकंदाला बारा ते पंधरा लाटांचा एक खास ताल उमटतो. तो उमटला की दुधाचा घोट द्यायचा. मांजरे तो ताल आपखुशीने धरायला शिकली. पुढे अग्निबाणाच्या इंधनातील एका विषारी द्रव्याची तपासणी याच प्रयोगशाळेत निघाली, तेव्हा असे दिसले की त्या द्रव्याने येणारे झटके या शिकलेल्या मांजरांना इतरांपेक्षा पुष्कळ उशिरा येतात. त्या धाग्यावरून स्टर्मनने अपस्माराच्या एका रुग्णावर हे शिक्षण करून पाहिले आणि १९७२ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यातली मला पटलेली गोष्ट अशी, की मांजराची डॉक्टरांवर श्रद्धा नसते!

आता माझ्या खुर्चीकडे येतो. पडद्यावर एक तळे होते, धुक्यात बुडालेले. माझ्या संथ लाटा वाढल्या आणि वेगवान लाटा उतरल्या, की धुके विरळ व्हायचे आणि एक मंजुळ घंटा वाजायची. बस्स, एवढेच. मेंदूपुढे आरसा धरायचा, आणि तो नीटनेटका दिसला की शाबासकी द्यायची.

पहिल्या दिवशी पाच मिनिटांनी घंटा वाजली. टण!

मी खुर्चीत ताडकन उठून बसलो. कानाचा एक चिमटा निसटला. पडद्यावर रेषांचा नुसता गुंता झाला. ती मुलगी धावत आली. “काय झालं सर?” मला एकदम बोलवेना. मग म्हणालो, “हा आवाज बदलता येईल?” तिने कारण विचारले नाही. घंटा काढून तिने झऱ्याचा आवाज लावला.

झरा काही केल्या वाहीना. मी अर्धा-पाऊण महिना नाना उपाय केले. मनात रामरक्षा म्हटली. डोळ्यांपुढे समुद्र आणला. श्वास मोजले. शांत व्हायचेच, अशा जिद्दीने दात आवळून बसलो. आणि ज्या ज्या वेळी मी जिद्दीने बसलो, त्या त्या वेळी धुके अधिकच दाटले. मला माझ्या व्यवसायातली एक जुनी गोष्ट आठवली. नवा शिक्षक वर्गात टेबलावर छडी आपटून ओरडतो, “शांत बसा!” वर्ग गप्प होतो, पण गप्प होणे निराळे आणि शांत होणे निराळे. छडीने मुले गप्प होतात, कान टवकारून, पुढच्या आपटण्याची वाट पाहत. शांत होतात ती गोष्ट सुरू झाल्यावर, आणि आपण शांत झालो आहोत हे त्यांच्या गावीही नसते. मी स्वतःच्या मेंदूवर इतके दिवस छडी आपटत होतो.

सहाव्या-सातव्या खेपेला मला चक्क कंटाळा आला. तळे, धुके, खुर्ची, सगळ्याचा कंटाळा. झरा वाहो की न वाहो, आपल्याला काय त्याचे, असे वाटून मी खिडकीच्या पडद्यावरची नक्षी पाहत राहिलो. तेव्हा कुठेतरी पाणी वाहू लागले. मला वाटले, शेजारच्या खोलीत कुणी नळ सोडला असेल!

तुम्ही म्हणाल, यात नवे ते काय? आपल्याकडे हे ज्ञान पूर्वापार आहे. आहे खरेच. बर्गरने येनात पहिला आलेख टिपला त्याच १९२४ साली आमच्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले, आणि योगाच्या क्रियांना प्रयोगशाळेत आणून ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून त्यांचे निष्कर्ष छापायला सुरुवात केली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योग्यांच्या मेंदूचे आलेख काढून १९६१ साली प्रसिद्ध केले. त्यांतल्या दोघांनी ४ अंशांच्या गार पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला, तरी त्यांच्या संथ लाटा मोडल्या नाहीत. इटलीत २००१ साली असेही आढळले, की लॅटिनमधली जपमाळ ओढताना आणि ‘ॐ मणिपद्मे हुम्’ म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो, आणि त्याबरोबर काळजाचे ठोके आणि रक्तदाबही एका तालावर येतात. पण ध्यान करा, जप करा, असे ज्याला सांगावे त्याला ते जमायला हवे ना! ज्याचा जागल्या रात्रंदिवस काठी आपटतो आहे, तो डोळे मिटून बसला तर काठीचाच आवाज अधिक ऐकतो. त्याला आधी कुणीतरी बाहेरून सांगावे लागते, की हो, हे बघ, आत्ता या क्षणी तू शांत होतास. योग्याला आतून जे कळते, ते या यंत्राने माझ्यासारख्या प्रापंचिकाला बाहेरून कळवले, इतकाच फरक.

मात्र सणाच्या दिवशी वाचकांच्या हाती अर्धे सत्य द्यायचे नाही. या उपचाराच्या जाहिराती मी वाचल्या आहेत. त्या वाचून वाटावे की डोकेदुखीपासून परीक्षेतल्या गुणांपर्यंत सगळ्याला हा रामबाण! वस्तुस्थिती तशी नाही. ऑस्ट्रियात साल्झबर्ग येथे निद्रानाशाच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांना एकदा खऱ्या लाटांवर चालणारे शिक्षण दिले आणि एकदा नुसते देखाव्याचे. रुग्ण म्हणाले, बरे वाटते. पण खऱ्याने वाटले तितकेच देखाव्यानेही वाटले. अमेरिकेत चंचल मुलांवर असाच मोठा प्रयोग झाला. १४० च्या आसपास मुले होती, आणि कुणाला खरे व कुणाला देखाव्याचे मिळते आहे हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना ठाऊक नव्हते. २०२१ साली निकाल आला: दोन्ही गटांतली मुले सुधारली, आणि सारखीच सुधारली.

मी हे वाचून तसाच डॉक्टरांकडे गेलो. ते चिडले नाहीत. म्हणाले, “मास्तर, तुम्हाला यंत्रानं बरं वाटतंय की त्या खुर्चीत अर्धा तास बसल्यानं, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. म्हणून तर गोळी बंद केली नाही, वेळापत्रक सोडू दिलं नाही. पण एक सांगा, त्या अर्ध्या तासात तुम्हाला कुणी हाक मारतं का?”

मी विचार केला. नाही. तिथे कुणी हाक मारत नाही. दोन वर्षे आणि चार महिने, आणि त्यानंतरचे सगळे महिने, मी हाकेच्या वाटेवर बसलेला होतो. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, एक परकी मुलगी माझ्या डोक्याची राखण करीत बसे आणि मी कुणाचीही राखण करीत नसे. बदलीवरचा जागल्या आला होता. यंत्र खरे की देखाव्याचे, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी अवश्य सोडवावा. पण दोन्ही गटांतली ती मुले का सुधारली असावीत, याचा अंदाज एका शिक्षकाला करता येतो. मोठ्या माणसाने अर्धा तास आपल्याकडे, फक्त आपल्याकडे, न रागावता पाहत बसावे, हे भाग्य किती मुलांच्या वाट्याला येते?

त्या दिवशी परत येताना एस.टी.च्या खिडकीशी बसलो असताना माझ्या मनात आणखी एक गोष्ट स्वच्छ झाली. ती मी पत्नीलाही बरेच दिवस सांगितली नाही. रात्री अडीचला मी कान देऊन बसत होतो तो धास्तीने नव्हे. म्हणजे, धास्ती होतीच. पण तिच्या तळाशी दुसरेच काही होते. जोवर मी कान देऊन बसलो आहे, तोवर पलीकडच्या खोलीत कुणीतरी आहे. गाव उठून गेल्यावरही जागल्या गस्त घालीत राहतो तो काही चोरांच्या भीतीने नाही. गस्त थांबवली, की गाव उठून गेले हे त्याला मान्य करावे लागेल. मी गाढ झोपलो असतो, तर आई खरोखर गेली असती.

पंधराव्या खेपेला मी त्या मुलीला म्हणालो, “ती पहिली घंटा पुन्हा लावाल?”

तिने माझ्याकडे पाहिले. “नक्की, सर?”

“नक्की.”

तळे दिसू लागले. धुके होते. मी काही मिळवायला बसलो नव्हतो. श्वास येत होता, जात होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एक टण झाला. काळजात लक्कन हलले, धुके दाटले. मी तसाच बसून राहिलो. पुन्हा बऱ्याच वेळाने एक टण. या वेळी धुके हलले नाही. एक टण म्हणजे पाणी, किंवा नुसताच हात धरून बसायचे. मी उठलो नाही. उठायचे नव्हतेच. पूर्वी ती वाटी वाजे तेव्हा मला जागे व्हावे लागे. आता मी निवांत झालो तरच ती वाजत होती. आवाज तोच, पण त्याचा अर्थ उलटा फिरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि पडद्यावरचे तळे स्वच्छ दिसत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

वीस खेपा संपल्या त्याला आता काही महिने झाले. मी पूर्ण बरा झालो, असे म्हणणार नाही. अजून एखाद्या रात्री अडीचला डोळा उघडतो. मी उठतो, तांब्यातले पाणी पितो, त्या खोलीत डोकावतो. तिथे आता मुलीचे टेबल आहे, पुस्तकांचा पसारा आहे. मी परत येऊन पडतो. कादंबरीचे सातवे प्रकरण पुरे झाले. पितळी वाटी फडताळातून बाहेर आली आहे. परवाच्या कोजागिरीला तिच्यातून मी मसाल्याचे दूध प्यालो.

तुमच्याही घरात किंवा शेजारी असा कुणी जागल्या असेल. दुखणेकऱ्याच्या उशाशी वर्ष काढलेली सून असेल. २०२० आणि २०२१ च्या साथीत इस्पितळाच्या दारात रात्री काढलेला मुलगा असेल. कर्ज फिटून गेल्यावरही पोस्टमनला पाहून दचकणारे वडील असतील. त्यांना ‘शांत व्हा’ म्हणू नका. यंत्र परवडले आणि डॉक्टरांनी सांगितले तर यंत्र आहे. पण त्याच्याही आधी त्यांच्या हातातली काठी थोडा वेळ आपल्या हाती घ्या, आणि शेजारी बसा. लाटा किती उतरल्या हे मोजायला आपल्याकडे काही नसले तरी हरकत नाही.

चार दिवसांपूर्वी रात्री परतीचा पाऊस येऊन गेला. सकाळी पत्नीने चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाली, “काय हो गडगडाट झाला रात्री! पोर उठून माझ्याजवळ येऊन निजली. मोठी वीज पडली कुठेतरी.”

मी म्हटले, “हो का? कधी?”